दम घे गं, ताई

मामाचं सगळं आयुष्य शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलं. मशीन आलं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला, मूठ आपल्या कानाला, आणि डोळे मिटून निदान. डॉक्टरसुद्धा इतक्या ऐटीत छाती तपासत नाहीत. त्याच्या मते चांगलं मशीन म्हणजे गप्प मशीन. माणसांबद्दलही हेच मत, आणि त्यातून सख्खी मोठी बहीण, म्हणजे माझी आई, सुटलेली नव्हती.

आई रोज दुपारी त्याच्या दुकानात जाऊन बसायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. "दम घे गं ताई जरा," हे मामाचं चाळीस वर्षांचं पालुपद. दोन महिन्यांपूर्वी आईला खरोखरच दम घेता येईनासा झाला. घरातल्या ऑक्सिजनच्या यंत्राची नळी पोचेल तेवढंच आता तिचं जग. दुकानात जायचं तर सोबत नेता येणारं यंत्र हवं, असं डॉक्टर म्हणाले. निवडायला अर्थातच मामा पुढे. मशीन म्हटल्यावर तिथे आमचं कोण ऐकतो!

यंत्रं विकणाऱ्या मुलीने दोन यंत्रं मांडली. मामाने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"काका, उघडू नका!"

"उघडतंय कोण? ऐकतोय."

एक खांद्याला अडकवायचं, नाकाने श्वास घेतला की तेवढ्यापुरता ऑक्सिजन सोडणारं. दुसरं चाकांवरचं, सतत सोडणारं आणि सतत घरघरणारं. "नाकापेक्षा मोती जड," म्हणून मामाने ते बाजूला सारलं. छोट्याची नळी स्वतःच्याच नाकाला लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा अडकवला आणि दोन फेऱ्या मारल्या. "अठ्ठ्याण्णव! पास!"

"काका, फुफ्फुसं कुणाची तपासायची आहेत?" मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या सिलिंडरसकट आईलाच गाडीतून तिथे नेलं. छोटं यंत्र आणि बोटाला तो चिमटा लावून ती चालू लागली, आणि चालता चालता त्या मुलीला माझ्या जन्माची हकीगत सांगू लागली. आकडा नव्वद, अठ्ठ्याऐंशी, शहाऐंशी. यंत्र किंचाळलं. मुलीने तिला पटकन खुर्चीत बसवलं.

"आजी बोलताना तोंडाने श्वास घेतात. यंत्राला तो कळत नाही."

थोड्या वेळाने पुन्हा फेरी, या वेळी न बोलता. त्र्याण्णव.

"गप्प राहिल्या तर हे चालेल," मुलगी म्हणाली.

मी मामाकडे पाहिलं. जे त्याला चाळीस वर्षांत जमलं नाही ते यंत्राने एका फेरीत केलं होतं.

"चालेल मला," आई म्हणाली. "नुसती बसेन." एवढंच बोलली. मला भीतीच वाटली.

मामा उठला आणि चाकांवरचं यंत्र ओढत घेऊन आला. "हे लाव तिला."

माझ्या जन्माची हकीगत शेवटपर्यंत झाली, तरी आकडा ब्याण्णवच्या खाली गेला नाही. डॉक्टरांनीही फोनवर होकार दिला.

"आणि घरघर रे, मामा?"

"तिच्या आवाजापुढे कसली घरघर?"

आता रोज मामा स्वतः ते धूड ओढत आईला दुकानात आणतो. काल मी गेले तेव्हा बोलता बोलता आई पाणी प्यायला थांबली. मामाने हातातलं मशीन बंद केलं, वर पाहिलं आणि विचारलं, "थांबलीस का गं, ताई? मग पुढे काय झालं?"