साखळ्या मागच्याच चाकांना होत्या

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको. भूत, करणी, भानामती, नवस... यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. बावीस प्रतिज्ञा पाळणारं घर आहे आमचं. मी लातूरला विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावच्या शाळांत जाऊन बाबा-बुवांची हातचलाखी उघडी करून दाखवते. जिभेवर कापूर पेटवून दाखवणारी बाई मीच. तेव्हा 'ताई भोळ्या दिसतात' असं कुणी लिहू नका. भोळी असते तर हे लिहायला इतका त्रास झाला नसता.

माझ्या आईला बर्फ बघायचा होता. आईनं उभं आयुष्य किनवटच्या एका वसतिगृहात पोरींसाठी भाकऱ्या थापल्या. आता तिथंच स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहते. तिला दमा आहे, म्हणून हिमायतनगरला शेती करणारा माझा मोठा भाऊ, दादा, नकोच म्हणत होता. आई म्हणाली, "चुलीच्या धुरानं मेले न्हाई, बर्फानं काय मरते." मग दादाही तयार झाला.

आमची छोटी हॅचबॅक घेऊन लातूरहून थेट मनालीला जायचं ठरलं. गाडी मी चालवणार. माझा नवरा मिलिंद मागच्या सीटवर बसून चिवडा खाणारा ड्रायव्हर आहे. 'बाई एवढ्या लांब गाडी नेणार, तीही बर्फात?' म्हणत नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू दे. मी बर्फातल्या ड्रायव्हिंगचे दिसतील ते व्हिडिओ बघितले आणि टायरला लावायच्या साखळ्या घ्यायच्या ठरवल्या.

लातूरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसला. म्हणे, ताई, ज्या गावाला एकदा पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं बर्फाचं सामान कोण ठेवतो? त्याचंही खरंच होतं. शेवटी ऑनलाइन मागवल्या. पहिला जोड इतका ढगळ आला की जीपला बसला असता. तेव्हा कळलं, टायरच्या बाजूवर जो नंबर छापलेला असतो तो बघून साखळी घ्यायची, गाडीचं नाव बघून नाही. मिलिंदला प्लास्टिकच्या पट्ट्या हव्या होत्या, हलक्या असतात म्हणून. दादानं सांगितलं, लोखंडच घे. लोखंड घेतलं.

निघण्याआधी दादाच्या अंगणात घालायची-काढायची प्रॅक्टिस केली. साखळी जमिनीवर पसरायची, गाडी थोडी तिच्यावर घ्यायची, आतला हुक आधी लावायचा, मग बाहेरचा, आणि उरलेलं टोक सुतळीनं बांधायचं. हे सगळं दादानं मागच्या चाकांवर शिकवलं. का, तर ट्रॅक्टरचा सगळा जोर मागच्या चाकांत असतो आणि काळ्या रानात रुतला की आमच्याकडं साखळदंड मागंच गुंडाळतात. त्याला वेगळा विचार सुचला नाही, आणि मलाही नाही. साखळ्यांसोबत आलेला कागद चिनी भाषेत होता.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. मनालीच्या वर सोलंगला आईनं बर्फ हातात घेतला, चाटून बघितला आणि म्हणाली, "मीठ न्हाई." मला इतकं हसू आलं... तिला असं लहान पोरीसारखं बघायचं माझ्या कित्येक वर्षांपासून मनात होतं. दुपारनंतर बर्फ पडायला लागला आणि तिचा श्वास लागला. दम्याचा पंप मारला, तर दोन फुसक्यांत तो संपला. दुसरा पंप खाली मनालीत हॉटेलवर. मी घाबरले, हे लपवत नाही.

आईसाठी हीटर हवा म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि साखळ्या घालायला घेतल्या. डावं मागचं चाक माझं, उजवं मिलिंदचं. हुक लावताना माझं मनगट सायलेन्सरला लागलं आणि चांगलं भाजलं. थोडं चालवून साखळ्या पुन्हा आवळायच्या असतात, म्हणून काही अंतरावर थांबून पुन्हा उतरलो, पुन्हा मागच्याच चाकांशी बसलो, आवळल्या. त्यानंतर गाडी कुठंही थांबली नाही. हे वाक्य कृपया नीट वाचा.

उतार लागला. आई मागं मिलिंदच्या खांद्याला टेकून धापा टाकत होती आणि तिच्या सीटखाली साखळ्यांचा खळखळाट चालला होता. एका वळणावर मी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि गाडी सरळच जायला लागली. ब्रेक दाबला तरी तेच. समोर कठडा नव्हता, खाली नदी होती. मिलिंदनं डोळे मिटलेले मला आरशात दिसले.

आणि मागून आई बोलली. शब्दाशब्दाला धाप लागलेली, पण आवाज अगदी शांत.

"सुजे... आवाज पुढं गेला."

खरंच गेला होता. मागचा खळखळाट माझ्या पायाखाली आला, पेडल थरथरायला लागलं, स्टिअरिंग एकदम जड झालं आणि पुढच्या चाकांनी रस्ता धरला. गाडी वळली. मी थांबले नाही. आईचा श्वास घरघरत होता, थांबून बघत बसायची ती वेळ नव्हती.

मनालीत दवाखान्यात तिला वाफ दिली, तासाभरात तिच्या ओठांचा रंग परत आला. मग आम्ही साखळ्या काढायला बाहेर आलो. मागची चाकं मोकळी होती. मला वाटलं, गळून पडल्या. तेवढ्यात मिलिंदनं हाक मारली. साखळ्या पुढच्या दोन्ही चाकांवर होत्या. हुक लावलेले, टोकाला सुतळी, सुतळीला माझीच गाठ.

शेजारी एक टॅक्सीवाला उभा होता. त्याला मी म्हटलं, भैया, या पुढं कशा आल्या? त्याला प्रश्नच कळला नाही. "आगे ही तो लगती हैं, मैडम. आपकी गाड़ी का ज़ोर आगे के पहियों में है. पीछे लगातीं तो मोड़ पर सीधी जातीं." मी तिथंच फुटपाथवर बसले.

परत आल्यावर ज्याला त्याला उत्तर तयार. आमच्या शेजारच्या काकू शिवभक्त, जीव लावणाऱ्या. त्या म्हणाल्या, महादेवानं केलं, एक नारळ तरी फोड. मी म्हटलं, काकू, त्यानं आधीच सांगितलं असतं तर माझं मनगट वाचलं असतं. त्या हसल्या, मी नारळ फोडला नाही. आमच्या प्रबोधनाच्या गटाचे अध्यक्ष सर म्हणाले, थंडीत, उंचीवर कुठल्या चाकांना काय घातलं ते माणूस विसरतो. मग हे मनगट पुढच्या चाकाशी कसं भाजलं? माझ्या गाडीचा सायलेन्सर तरी मागं आहे.

खरा घाव दादाचा होता. "तुम्ही पुढंच घातल्या असतील. आन् म्हातारीला भास व्हायलेत, आता तिला एकटी ठेवायची न्हाई," असं तो भावकीत सांगायला लागला. किनवटचं घर बंद करून आईला हिमायतनगरला न्यायचं त्यानं ठरवूनही टाकलं. आई काहीच बोलेना. ती गप्प राहिली, तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. मी 'विसरले' म्हटलं असतं तर माझी सुटका होती. पण मग आई वेडी ठरली असती.

त्याच महिन्यात किनवटच्या त्या वसतिगृहात आमचा कार्यक्रम होता. सरांनी आधीच बजावलं, तो विषय काढू नका, चळवळीचं नुकसान होतं. मी विचारलं, न पाहिलेलं पाहिलं म्हणणं खोटं असेल, तर पाहिलेलं नाही पाहिलं म्हणणं काय? आई पहिल्या रांगेत बसली होती. तिला न्यायला आलेला दादा दाराशी उभा होता. कापूर झाला, राख झाली, आणि एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्हाला कधी असं काही झालं का?

मी सगळं सांगितलं. मग आई न सांगताच उठली.

"साकळी माझ्या सीटखाली वाजत व्हती, मग पुढं गेली. कोनं नेली ते मला ठाव न्हाई. देवानं म्हनत न्हाई, भुतानं म्हनत न्हाई. पर मला भास झाला न्हाई."

दादा तिच्याकडं बघत राहिला आणि कार्यक्रम संपल्यावर एकटाच हिमायतनगरला गेला.

सरांनी त्यानंतर मला एकाही कार्यक्रमाला बोलावलेलं नाही. साखळ्या पुढं कशा गेल्या, हे मला आजही माहीत नाही. आई किनवटलाच राहते, एकटी, स्वतःच्या घरात.