वैदेहीची काच

माझी धाकटी बहीण शैलजा गेली, त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "आजाराचं कळलं कधी हो?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं म्हणजे पुरतं कळलं ते एका दुपारी, दारावरची बेल वाजली तेव्हा. कुरिअरवाला पाकीट घेऊन उभा होता, सही मीच केली आणि पाठवणाऱ्याचं नाव वाचलं... पण ते नंतर. आधी शैलू कोण होती ते सांगायला हवं. अर्धवट माहितीवर मत द्यायचं नाही, हा तिचा नियम होता.

शैलू पॅथॉलॉजिस्ट होती. म्हणजे काय, हे आमच्या लालबागच्या चाळीत कुणालाही धड कळलं नाही. बाबा कापडाच्या गिरणीत साचे चालवायचे. पोरगी एवढी डॉक्टर झाली आणि शेवटी रक्त काढायच्या दुकानात बसली, असंच त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिलं. मी शाळेत कारकून, मला तरी काय कळणार? एकदा विचारलंच, "पेशंट तपासत नाहीस, औषध देत नाहीस, मग दिवसभर करतेस काय?" तेव्हा तिने मला घरच्या मायक्रोस्कोपसमोर बसवलं. शिकवायला वापरतात तसा तो होता, दोघांनी समोरासमोर बसून बघायचा. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये एकच काच. काचेवर कुणाच्या तरी गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप, गुलाबी-जांभळा रंगवलेला. आतला हिरवा बाण हलवत ती म्हणाली, "ही पेशी बघ, शिस्तीत बसलीये. आणि ही बघ, हिला शेजारपाजार काही कळत नाही." सर्जनने किती कापायचं, औषध कुठलं द्यायचं, हे त्या बघण्यावर ठरतं, आणि बघणाऱ्याचं तोंड पेशंटला जन्मात दिसत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा तिची भीती वाटली आणि अभिमानही.

चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही दोघी बहिणी त्यातल्याच एका घरात राहू लागलो. माझं लग्न झालं नव्हतं, तिचा नवरा लवकर गेला. ती हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर अडलेल्या केसेसच्या काचा तिच्या मतासाठी घरी यायच्या. रविवारी शेजारीपाजारी रिपोर्ट घेऊन हजर. मयेकर काकू पाकीट आधी देवासमोर ठेवायच्या, मग उघडायच्या. शुगरचा एक नॉर्मल आलेला रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेल्या की तोच काढायच्या. शैलू भडकली, तर काकू म्हणाल्या, "अगो, चांगला इलो तोच दाखवतलंय ना?" शैलूने कपाळावर हात मारून घेतला. "काकू, रिपोर्ट म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे. जाड अक्षरातला आकडा बघून घाबरू नका, नॉर्मल वाचून नाचू नका. मागचे सगळे आणा आणि काय होतंय ते तोंडाने सांगा. कागद एकटा काही बोलत नाही."

सगळ्यात जास्त राग तिला यायचा तो गाठीचा तुकडा घेऊन लॅबमागून लॅब फिरणाऱ्यांचा. "दुसरं मत घ्या, जरूर घ्या," ती म्हणायची, "पण दोघांनी तेच सांगितलं तर तिसऱ्याकडे कशाला? मनासारखं कुणी बोलेपर्यंत फिरणार का? तोवर गाठ थांबते होय?"

आणि मग तिच्याच मांडीत गाठ आली. स्नायूंमधल्या, चरबीतल्या असल्या गाठी हाच तिचा आयुष्यभराचा अभ्यास. हॉस्पिटलचा रिपोर्ट तिने उभ्या उभ्या वाचला आणि घडी करून ठेवला. दुसऱ्या लॅबनेही तेच लिहिलं. मला वाटलं, आता ती उपचाराचं बोलेल. तर मला म्हणाली, "ताई, गिरगावात एक लॅब आहे. तिथे कुणी मला ओळखत नाही. तू तुकडा घेऊन जाशील?" जिने शेकडो लोकांना झापलं, ती माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती. "माझं नाव बघितलं की लोक मऊ लिहितात," ती म्हणाली. "वैदेही नाव दे." लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं हे नाव. नवरासुद्धा तिला शैलाच म्हणायचा, वैदेही त्या तांदळातच राहिली होती. मऊ लिहितात हे खरंच असेल, पण तिच्या मनात वेगळं होतं आणि माझ्याही. शैलजाला जे झालंय ते वैदेहीला झालेलं नसेल, अशी ती वेडी आशा.

मेणात बसवलेला तो तुकडा वडीएवढा होता. पर्स छातीशी धरून मी बसने गिरगावात गेले. रस्ताभर एकच मागत होते, सगळ्या मुंबईतला एक तरी डॉक्टर चुकू दे. देवाकडे असलं मागणं मागताना लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पुढच्याच आठवड्यात ते पाकीट आलं, गिरगावच्या त्याच लॅबकडून. असल्या गाठीचं अडलं की अख्खी मुंबई कुणाचं दार ठोठावते, हे घाबरलेल्या शैलूच्या लक्षातच आलं नव्हतं. आत एक काच, तिथल्या डॉ. अहिरे नावाच्या तरुण डॉक्टरने लिहिलेला कच्चा रिपोर्ट आणि चिठ्ठी: मॅडम, यात तुमचा शब्द शेवटचा, म्हणून पाठवतोय. पेशंटचं नाव वैदेही.

तिने काच लावली. फार वेळ बघितलंच नाही. "ह्या माझाच आसा गो," एवढंच म्हणाली, लहानपणीच्या मालवणीत.

मी तिचे हात धरले. ओरडलेच तिच्यावर. "तुझा शब्द शेवटचा ना? मग लिही! साधी गाठ आहे म्हणून लिही. कोण विचारणार आहे तुला?"

"ताई, मी लिहिलं म्हणून गाठ ऐकणार आहे का?"

मग तिने फोन लावला. आवाज हॉस्पिटलातला, कोरडा. "डॉक्टर, पेशंट माझ्या नात्यातली आहे, मला सही करता येणार नाही. पण तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. शेवटचं वाक्य मऊ करू नका." त्याने पलीकडून काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नातेवाइकांना मी सांगते. इथेच बसलेत."

फोन ठेवून तिने मला समोरच्या बाजूला बसायला लावलं. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. ती थांबली. मग काच हळूच सरकवत कडेला आली आणि हिरवा बाण तिथे ठेवला. "इथे बघ. ही शिस्तीत बसलीये. ही पण मीच."

त्यानंतर उपचार झाले, पण गाठीने कुणाचंच ऐकलं नाही. शैलू गेली, आणि स्मशानातून आम्ही जे आणलं तेही पाण्यात सोडलं. डॉ. अहिरे भेटायला आले तेव्हा त्यांना मी वैदेही कोण ते सांगितलं. काच परत हवी का, विचारलं तर म्हणाले, "राहू दे ताई तुमच्याकडे. मेणाचा तुकडा आहे आमच्याकडे."

ती काच अजून मायक्रोस्कोपलाच लावलेली आहे. मी माझ्याच बाजूला बसते, तिच्या खुर्चीत बसवत नाही. बाण तिने ठेवला तिथेच आहे, कडेच्या त्या शहाण्या पेशींवर. जिने तिला नेलं ती पेशीही त्याच काचेवर आहे, काच जराशी सरकवली तर दिसेल, पण मी तिला हात लावत नाही. शैलू कुणाला तरी सांगत होती ते मी ऐकलं होतं, काचा उजेडात ठेवू नका, रंग उडतो. म्हणून दिवा लावते, तिला बघते आणि पटकन बंद करते. उद्यासाठी उरायला हवी.