मामाचा हात आणि आईची भीड

मामा आठवला की आधी चामड्याचा आणि गोंदाचा वास येतो. हॉस्पिटलच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये तो कृत्रिम हातपाय बनवायचा. अंगानं किरकोळ, डोक्याला चकचकीत टक्कल आणि राग कायम नाकावर. त्याचा एक नियम होता. नवी वस्तू आधी एका पेशंटनं महिनाभर घरी वापरायची, नको वाटली तर खुशाल परत करायची, कारणही द्यायचं नाही. कुणी परत केली की मोठे डॉक्टर वैतागायचे आणि मामाची कळी खुलायची.

माझ्या आईचा उजवा हात छापखान्याच्या यंत्रात कोपराखाली गेला होता. मामानं बोटांची उघडमीट होणारा हात बनवला, तेव्हा बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. तो आधी आईला बसवला. महिनाभर आई एकच सांगत राहिली, छान आहे. पुढच्या पेशंटसाठी असे बरेच हात बनवायचं ठरलं, फक्त मामाची सही राहिली.

मामाची पाठ वळली की तो हात कपाटावर जायचा, हे मला ठाऊक होतं. पट्ट्याखाली दंड सोलवटला होता. आपल्या धाकट्या भावाचं मन मोडवत नव्हतं म्हणून आईनं मलाही गप्प बसवलं होतं.

सहीच्या दिवशी सकाळीच मामा न सांगता घरी आला. आई गुडघ्यांत बटाटा धरून सोलत होती. त्यानं तिचा दंड पाहिला. आता हा घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.

“ताई, तू माझी भीड धरलीस. उद्या बाकीचे पेशंट डॉक्टरांची धरतील. मग त्यांच्या जखमा मला कोण दाखवणार?”

“काचतो रे,” आई म्हणाली. “आणि मला हवं ते त्यानं होतही नाही.”

हवं काय, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पेला उचलता आला की झालं, असं तो धरून चालला होता. आता विचारलं. आईला माझी वेणी घालायची होती.

मामानं सही केली नाही, वरिष्ठांची बोलणी मुकाट्यानं खाल्ली. मग मला वर्कशॉपमधल्या स्टुलावर बसवून आधी स्वतः वेणी घालायला शिकला. केस असे ओढायचा की डोळ्यांत पाणी यायचं. टकल्याला केसांची काय कदर! ती दुखणारी दुपार मला पुन्हा हवी आहे.

नवा हात दिसायला अगदी साधा होता. काचत नव्हता, आणि केसांची बट घट्ट धरून ठेवायचा. आईनं घातलेली पहिली वेणी पार एका कानाकडे झुकली. शाळेत मुली फिदीफिदी हसल्या. रात्री झोपतानासुद्धा मी ती कुणाला सोडू दिली नाही.