हरवलेले एकशे त्रेपन्न सीसी

होरेस टॉलीच्या मोटरसायकलचं इंजिन होरेस स्वतः उघडतो, असं जवळजवळ सगळ्या नेदरटन गावाला वाटायचं, आणि होरेसनं ते कधी नाकारलं नव्हतं. खरं तर इंजिन उघडायच्या दिवशी तो स्वयंपाकघराकडे फिरकायचाही नाही. दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्याची बायको ऑलिव्ह जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड गुंडाळून ठेवी, जुने पेपर अंथरी आणि बाह्या सारून इंजिनाचं वरचं अंग खोलून बसे. पिस्टनवरची काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह घासायचे, रिंगा तपासायच्या आणि साडेपाचच्या आत सगळं जागच्या जागी बसवून चहा टाकायचा. होरेस बैठकीच्या खोलीतल्या आरामखुर्चीतून आकडे सांगे. कुठला बोल्ट किती आवळायचा, व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटला फट किती ठेवायची. ऑलिव्ह "बरं" म्हणे आणि बोटांना पटेल तेवढी फट ठेवी. यात लपवाछपवी काही नव्हती. कुणी विचारलं नाही, एवढंच.

ऑलिव्ह कालव्याकाठची, साखळ्या घडवणाऱ्या बापाची मुलगी. अडतीस साली, सोळाव्या वर्षी, ती रशबरीच्या कारखान्यात लागली. रशबरी म्हणजे एक सिलिंडरच्या मोटरसायकली. दुसरं काही त्यांनी कधी बनवलं नाही आणि बनवावं असं त्यांना सुचलंही नाही. लढाई सुरू झाली, पुरुष गेले, आणि इंजिनं जोडायच्या बाकावर बायका आल्या. लष्करी निरोप्यांच्या गाड्यांची दिवसाला दोन इंजिनं ऑलिव्हच्या हाताखालून जात, आणि शनिवारी ती त्यांतलीच एखादी गाडी ब्रिजनॉर्थच्या रस्त्यावर पिटाळून बघे.

होरेस त्याच कारखान्यात, पण वरच्या मजल्यावर. डोळे अधू म्हणून सैन्यानं घेतला नव्हता. गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, ती तो लिही. पिस्टनचा व्यास, त्याची धाव, दाबाचं प्रमाण, अश्वशक्ती, टाकीत पेट्रोल किती मावतं. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात ऑलिव्ह तेलकट एप्रनसकट जिना चढून वर गेली आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकातली फट माझ्या इंजिनात मावत नाही." होरेस म्हणाला, पुस्तकात बरोबर आहे. "मग पुस्तकाला किक मार," ऑलिव्ह म्हणाली. सहा महिन्यांत त्यांचं लग्न झालं.

कारखाना सदुसष्ट साली बंद पडला. होरेसच्या डोक्यातले आकडे मात्र चालूच राहिले. रशबरीवाल्यांचा क्लब निघाला तेव्हा गाड्यांचं अस्सलपण पारखायला त्याच्याशिवाय दुसरं नाव कुणाला सुचलं नाही. दर जूनच्या प्रदर्शनात तो काठीला बांधलेला आरसा आणि खिशातली विजेरी घेऊन गाड्यांच्या पोटाखाली बघत हिंडे. नटाचे आटे चुकीचे, दोन गुण वजा. टाकीवरचं चित्र पाव इंच तिरपं, एक गुण वजा. लोक चिडत, आणि पुढच्या वर्षी तोच नट शोधून आणत.

त्याची स्वतःची गाडी होती चौपन्न सालची रशबरी पाचशे. व्यास चौऱ्याऐंशी, धाव नव्वद, चारशे नव्व्याण्णव सीसी. साडेतीनशेच्या गाडीला तो मोटरसायकल म्हणतच नसे. शेजारी विल्फ हिंग्लीकडे रशबरी साडेतीनशे होती. धाव तीच, व्यास सत्तर. तिला होरेस गेली वीस वर्षं शिवणयंत्र म्हणत आला होता. विल्फ गाडी सुरू करायला लागला की कुंपणावरून होरेसचा प्रश्न ठरलेला, "आज काय शिवायचंय, विल्फ? पडदे की परकर?"

आणि हे ऐकत ऑलिव्ह ओट्याशी वाटाणे सोलत उभी असे, ओठ घट्ट मिटून.

कारण त्रेसष्टच्या एप्रिलमध्ये एक गोष्ट घडली होती. धुतलेलं सिलिंडर पुसताना तिच्या हातून निसटलं आणि फरशीवर पडून त्याचे, वाऱ्यानं गार राहण्यासाठी असतात ते, चार पंख तुटले. होरेस बैठकीच्या खोलीत होता, पण ऐन वेळी रेडिओवर फुटबॉल चालला होता. तिनं मागच्या दारानं भाऊ सायलसचं घर गाठलं. त्याच्या शेडमध्ये एक मोडकी साडेतीनशे पडून होती. कारखान्यानं दोन्ही इंजिनांची वरची अंगं एकाच मापात ओतलेली, बाहेरून पंख तेवढेच, उंची तेवढीच. फरक सगळा आत. ऑलिव्हनं साडेतीनशेचं सिलिंडर, पिस्टन, हेड, सगळं पिशवीत घातलं आणि साडेपाचच्या आत गाडीवर चढवलं. रविवारी सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

रविवारी होरेस क्लेंटच्या टेकड्यांवर फिरून आला तो आनंदानं लाल होऊन. हातमोजे टेबलावर टाकत म्हणाला, गाडी इतकी मोकळी कधीच धावली नव्हती, पाचशेचा जोर काय असतो ते आज कळलं.

आता याला काय सांगणार? पुढे दोन वर्षांनी सायलसनं पाचशेचं चांगलं सिलिंडर मिळवून दिलं, तेही तिनं तेलात भिजवलेल्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळून मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत ठेवलं. बसवलं मात्र नाही. नवरा वळणं जरा बेतानं घेऊ लागला होता, पेट्रोल कमी लागत होतं, आणि मनातलं सांगायचं तर, तिच्या पुडिंगमध्ये मनुका पुस्तकापेक्षा कमी पडल्यात असं होरेस म्हणे तेव्हा त्या सत्तरच्या पिस्टनची आठवण तिला फार सुखाची वाटे.

असं एकवीस वर्षं चाललं. मग होरेसनं स्वतःच घोळ घातला.

दुसऱ्या एका क्लबात कुणीतरी मोठा पिस्टन घालून चषक पळवल्याचं कानावर आलं, तसा तो हिवाळ्याच्या सभेत उभा राहिला आणि त्यानं ठराव मांडला: यापुढे वरच्या क्रमांकाच्या गाड्यांचं इंजिन सगळ्यांसमोर मोजायचं, आणि इंजिन शेवटचं कधी व कुणी उघडलं हे अर्जावर लिहून घ्यायचं. ठराव मंजूर झाला. लगेच विल्फ उठला. नियम उत्तमच आहे, म्हणाला, तर मग ज्यानं आणला त्याची गाडी या वर्षी स्पर्धेत सगळ्यांत आधी उतरायला हवी, परीक्षक बाहेरून बोलावू. टाळ्या पडल्या. होरेस वाकून आभार मानत घरी आला, आणि ही गंमत बायकोला सांगायचं त्याला सुचलं ते थेट जूनमध्ये, प्रदर्शनाच्या आदल्या सोमवारी, चहाच्या वेळी.

ऑलिव्हनं हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. या माणसाकडे आता होतं काय? कारखाना गेला, डोळे आणखी अधू झाले. ती विजेरी, तो आरसा आणि "होरेसला विचारा" हे दोन शब्द, यांवर तो उभा होता. सगळ्या नेदरटनसमोर त्या गाडीतून तीनशे सेहेचाळीस सीसी निघाले असते, तर तो पुन्हा प्रदर्शनाच्या हॉलची पायरी चढला नसता.

गुरुवारी होरेस दोऱ्या बांधायला हॉलवर गेला तसं तिनं मेणकापड गुंडाळलं. सत्तरचं उतरवलं, चौऱ्याऐंशीचा पिस्टन चढवला. अडलं ते पुढे. रिंगा दाबून धरायच्या आणि वरून सिलिंडर उतरवायचं, याला हात चार लागतात. एरवी सायलस यायचा, पण तो गेल्या वर्षी वारला होता. इतक्यात विल्फ उसनं नेलेलं घमेलं परत करायला मागच्या दारात आला.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. मग सत्तरचा पिस्टन उचलला. गेली वीस वर्षं असाच पिस्टन त्याच्या स्वतःच्या गाडीत होता. डोळे मिटूनही त्यानं ओळखला असता.

"ऑलिव्ह," तो हळूच म्हणाला, "हा त्याच्या गाडीतला?"

"रिंगा धर."

"किती वर्षं?"

"आधी रिंगा धर, विल्फ. मग हस."

त्यानं रिंगा धरल्या. सिलिंडर बसलं, आणि मग तो अंगणात जाऊन बादलीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. रविवारी प्रदर्शनात याचं काय करायचं, याचे बेत त्याच्या तोंडावर दिसायला लागले होते. ऑलिव्ह हात पुसत दारात आली. एक अक्षर बोललास, तर तुझ्या इंजिनाची काजळी पुढच्या एप्रिलपासून तुझी तू खरवड, असं तिनं त्याला सांगितलं. विल्फच्या गाडीचं कामही तिच्याच टेबलावर व्हायचं. तो बादलीवरून उठला, टोपी नीट केली आणि शहाण्यासारखा घरी गेला.

रविवारी सकाळी होरेस इस्त्रीचा कोट घालून गाडीशी आला. पाचशेच्या गाडीला किक मारायची एक रीत असते: हँडलवरची छोटी कळ दाबून कोंडलेली हवा सोडायची, पिस्टन अलगद वरच्या टोकापार न्यायचा, आणि मग एकाच दमात पाय खाली. पुस्तिकेत ही रीत होरेसनंच लिहिली होती. पण एकवीस वर्षं साडेतीनशेनं त्याचे लाड केले होते. त्यानं नेहमीसारखा, चहात साखर ढवळावी तसा, पाय मारला.

गाडीनं तो परत केला. होरेस वर गेला, जरा थांबल्यासारखा दिसला आणि शेजारच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात बसला. ऑलिव्हनं धावत जाऊन बूट काढला तोवर घोटा पावासारखा फुगला होता. असा दणका तिनं कित्येक वर्षांत दिला नव्हता, हे होरेसला जाणवलं. तो गाडीकडे बघत होता, फार वेळ.

गाडी न्यायची कुणी? ऑलिव्हनं होरेसचा जुना रेनकोट चढवला, कळ दाबली, पिस्टन पार नेला आणि एका किकेत गाडी सुरू केली. जखमी माणसाला विल्फनं आपल्या व्हॅनमध्ये घेतलं. वाटेत तो इतका गप्प होता की त्याला बरं नाही की काय, अशी होरेसला शंका आली.

हॉलमध्ये एका खुर्चीत होरेस, दुसरीवर त्याचा पाय, आणि शेजारी ऑलिव्ह. स्टॅफर्डहून आलेले परीक्षक मिस्टर ब्लंडेल गाड्या बघत बघत जवळ येत होते. होरेस समोर बघतच बोलला.

"कधीपासून?"

ऑलिव्हनं हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली. "त्रेसष्टच्या एप्रिलपासून."

"सत्तर?"

"सत्तर."

"क्लेंटचा चढ मी मध्येच थांबून पुन्हा चढलो होतो, एकाहत्तरला. पैज लावून."

"सत्तर."

"पाचशेच्या ओढीला तोड नाही, असं मासिकाला पत्र लिहिलं. त्यांनी छापलं."

"तेव्हाही सत्तरच, होरेस. मी कात्रण जपून ठेवलंय."

त्यानं चष्मा काढून पुसला. "आणि आज?"

"आज पुस्तकात आहे तेच. निवांत बस."

मिस्टर ब्लंडेल आले. त्यांनी प्लग काढून त्या जागी एक काचेची नळी बसवली आणि इंजिन हातानं फिरवलं. नळीतली खूण चढत चढत थांबली. "चारशे नव्व्याण्णव," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. टाळ्या झाल्या. विल्फ खिडकीतून बाहेर बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. चषक टेबलावर होता आणि अर्जावरची एकच ओळ भरायची राहिली होती. इंजिन शेवटचं कधी उघडलं, आणि कुणी?

ऑलिव्ह नवऱ्याकडे बघत होती. "एप्रिल, मालक" एवढं लिहिलं की काम होणार होतं. इतकी वर्षं तेच तर चाललं होतं. होरेस एका पायावर उभा राहिला.

"गुरुवारी," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं. त्याआधी एकवीस वर्षं ही गाडी तीनशे सेहेचाळीस सीसीची होती, आणि दर वर्षी हीच ती उघडत होती. मला कळलं नाही. मी आकडे सांगत होतो."

 मग तीन दिवस दाबून धरलेलं विल्फचं हसू जे फुटलं, ते सगळ्या हॉलला लागलं. मिस्टर ब्लंडेलनी अर्ज उलटसुलट करून पाहिला; एवढा मजकूर मावेल अशी जागा त्यात नव्हती. शेवटी त्यांनी गाडी बाद केली, कारण सिलिंडर मूळचं राहिलं नव्हतं, आणि नियम होरेसचाच, चांगला कडक होता. होरेसनं आपल्या पदाचा राजीनामाही देऊ केला. चहानंतर बघू, असं समिती म्हणाली, आणि चहानंतर तो विषय कुणी काढला नाही. माणसं वेगळ्याच कामात होती. दोघातिघांनी ऑलिव्हला गाठून, येत्या शनिवारी तिचं टेबल रिकामं आहे का, याची चौकशी चालवली होती.

पहिली गाडी बाद झाल्यावर चषक दुसऱ्या क्रमांकाला जायचा. ती विल्फची साडेतीनशे होती, आणि चषक द्यायचा मान दर वर्षीप्रमाणे होरेसचा. त्यानं तो लंगडत दिला. विल्फनं घेताना अगदी नम्रपणे विचारलं, "परकर शिवू का याला, होरेस?"

परतीच्या वाटेवर विल्फ आणि चषक यांच्याबरोबर एका व्हॅनमध्ये बसायची होरेसची तयारी नव्हती. तो पाय सांभाळत ऑलिव्हच्या मागे बसला. नेदरटनच्या चढाला तिनं हँडलची मूठ पिळली, आणि गाडी अशी झेपावली की त्यानं टोपी सोडून तिची कंबर धरली. घराशी उतरल्यावर त्यानं दोनदा खाकरून विचारलं, ते सत्तरचं अजून ठेवलंय ना. असेल तर परत बसव. खरं सांगायचं तर तेच जास्त गोड चालत होतं.

ऑलिव्हनं गाडी बंद केली नव्हती. ती आवाज ऐकत होती.

"ही मला राहू दे," ती म्हणाली. "तू तुझ्यासाठी एखादी साडेतीनशे बघ."