माझ्या अशिलाने आज गुन्हा कबूल केला

मंडळी, दुपारी कोर्टातून आलोय, डोकं अजून तापलेलं आहे.

माझा अशील देवरूखकडचा टेम्पो ड्रायव्हर. मिरजोळ्याला माल घेऊन येताना वळणावर चुकीच्या बाजूने आलेली मोटरसायकल त्याच्या टेम्पोवर आदळली. मोटरसायकलवाला जागीच गेला आणि ह्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा खटला भरला गेला. टेम्पोच्या टायरच्या खुणा रस्त्याच्या त्याच्या स्वतःच्याच बाजूला आहेत, पंचनाम्यात तसं आलंय. केस लढण्यासारखी आहे. म्हणून बजावलं होतं, न्यायाधीशांनी विचारलं की 'गुन्हा कबूल नाही' एवढंच म्हण.

आज त्यांनी विचारलं. हा मान खाली घालून म्हणाला, "कबूल हाय."

न्यायाधीश समजूतदार, म्हणून वाचलो. "आधी वकिलांशी नीट बोला, पुढच्या तारखेला सांगा," म्हणाले. नाहीतर तुरुंगवास झाला असता आणि लायसन्सही गेलं असतं.

बाहेर आल्यावर मी त्याला चांगलंच झापलं.

"त्या मोटरसायकलवाल्याची बायको समोर बसलेली, सायेब. तिच्यासमोर नाय कसं म्हनू?"

"अरे, नाही म्हणजे तो गेलाच नाही असं नव्हे. चूक कोणाची ते कोर्टाने तपासावं, एवढाच अर्थ."

"ह्ये तिला कोन सांगनार?"

ती व्हरांड्यातच उभी होती. सरकारी पक्षाच्या साक्षीदारांत तिचंही नाव आहे; मी जाऊन बोललो असतो तर साक्षीदार फोडतोय म्हणाले असते.

पुढच्या तारखेलाही ती येणारच. तुम्ही ह्याच्या जागी असता, तर तिच्यासमोर 'नाही' म्हणाला असता?