अक्काच्या स्थळाची गुप्त चौकशी

माझ्या पहिल्या रहस्यकादंबरीचा पहिला बळी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचं, अक्काचं, जमत आलेलं लग्न.

आम्ही चिंताकीचे. मुलगा हळ्ळीखेडचा, पुण्यात कारखान्यात नोकरीला, सुट्टीवर आलेला. अक्काला फोटो पाहूनच पसंत पडला होता. पद्धतीप्रमाणे त्याच्या गावात जाऊन गुपचूप चौकशी तेवढी राहिली होती. अप्पा मला म्हणाले, "कटिंगच्या दुकानात बस, पिठाच्या गिरणीत इचार, अन् गुमान घरी ये."

एवढंसं काम! पण मी तेव्हा रहस्यकथा वाचून पार बिघडलो होतो. (लिहायच्याही होत्या, फक्त रहस्य सापडत नव्हतं.) मी काळा चष्मा चढवला, वही घेतली आणि थेट मुलाचाच पाठलाग सुरू केला. तो पानपट्टीवर, मी बाभळीमागं. तो शेतात, मी बांधाआड. मध्येच गिरणीवाल्याला दरडावलं, "ह्याच्यावर केसबिस हाय का एखादी?"

गिरणीवाला पांढराफटक पडला. (पिठानं आधीच होता, आणखी पडला!) तासाभरात गावभर झालं, साध्या कपड्यातला पोलीस आलाय. मुलानं मागं वळून मला पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि सुटलेल्या बसमागं जीव खाऊन पळाला!

घरी मी छाती फुगवून वही वाचली, "संशयित मला पाहताच फरार!"

"कामून पळाला?" अक्कानं विचारलं.

"मन खायलंय त्याचं!"

अप्पांनी त्याच दिवशी एसटीडीवरून नकार कळवला. अक्का भाकरी थापत राहिली. मला वाटलं, वाचली बिचारी.

महिन्याभरानं बाजारात तोच गिरणीवाला भेटला आणि अप्पांसमोरच मला हात जोडून म्हणाला, "साहेब, ते पोरगं लई गरीब हाय वो. तुमच्या भ्यानं गावाकडं यायना झालंय!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब व्हय?" एवढंच म्हणाले. ते माफी मागायला हळ्ळीखेडला गेले, तोवर मुलाची सोयरीक दुसरीकडं ठरली होती. अक्का कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मलाच तिच्यासमोर जेवायला बसायची लाज वाटायची. अजून वाटते.

पुढं तिचं लग्न झालं. (त्या चौकशीला मला नेलं नाही!) मी ती वही वाढवून कादंबरी केली आणि पहिली प्रत भीतभीत तिच्या हातात ठेवली. तिनं मुखपृष्ठ पाहून लगेच परत दिली.

"वाच की अक्का! गुन्हेगार कोण, ते शेवटच्या पानापर्यंत कळत न्हाई!"

"कळला की," अक्का म्हणाली. "नाव वरच छापलंय."