उजवा हातमोजा

टेक्का बाजारात कोथिंबिरीच्या भावावरून मी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात नलिनीवहिनींचा फोन आला. त्यांचा नवरा, माझा मित्र अच्युत, पहाटे गेला. मी कोथिंबीर तशीच ठेवून निघालो. भाजीवाल्याने मागून भाव उतरवल्याचं ऐकू आलं, तेही लक्षात राहिलं आहे...

अच्युत केतकर जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. निवृत्तीनंतर सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये त्याने एकच नाद लावून घेतला, मध्ययुगीन युरोपातल्या युद्धकायद्याचा. कैदी कुणाचा, त्याच्या सुटकेची खंडणी कुणी घ्यायची, दोघांनी हक्क सांगितला तर निवाडा कसा करायचा. शरण येणारा शब्द देई आणि उजवा हातमोजा काढून देई. तो ज्याने आधी घेतला, त्याचा कैदी. मी डबे पुरवण्याच्या धंद्यात शून्यातून वर आलेला माणूस. मला त्यात घासाघीस दिसायची, म्हणून आवडायचं. दर रविवारी त्याच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये आम्ही वाद घालायचो. हरेल त्याने अच्युतचा इंजिनरूममधला जुना चामडी हातमोजा, फक्त उजवा, दुसऱ्याच्या हवाली करायचा. असा तो आमच्या दोन घरांत फिरत असे.

मग सदानंदचं प्रकरण झालं. हा माझा स्वयंपाकी. कुडाळहून मी आणलेला. इथे परदेशात काम करायचा पास मी काढला, टॅम्पिनीसमध्ये खोली मी दिली. भाच्याच्या लग्नासाठी मी किचन बंद करून पुण्याला गेलो आणि इकडे त्याला डेंगी झाला. माझ्यासारखाच डब्यांचा धंदा करणाऱ्या वैद्यबाईंनी त्याला हॉस्पिटलात नेलं, पेज भरवली आणि बरा झाल्यावर स्वतःकडेच ठेवून घेतलं. माझा धंदा त्याच्या हातावर चालत होता. अच्युतचा शब्द वैद्यबाई मानत, म्हणून मी निवाडा त्याच्याकडे नेला. मला खात्री होती. हातमोजा आधी मीच घेतला होता ना?

अच्युतने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू गेलास तेव्हा तो कुणाच्या भरवशावर होता?"

"तिशीतला बाप्या आहे तो."

"शेठ, कैदी धरला की त्याला सुखरूप ठेवणं धरणाऱ्याकडे येतं. रणात टाकून गेलास तर दुसरा नेऊ शकतो."

"तुझ्या सरदारांना भाचे नव्हते का रे?"

तो हसला, निवाडा बदलला नाही. त्या वेळी हातमोजा माझ्याकडे होता, पिशवीतच. नियमाने तो त्याला द्यायला हवा होता. मी तो घेऊन उठलो आणि नंतर दोन वर्षं तिकडे फिरकलो नाही. दिवाळीला हातमोज्याबद्दल त्याचा मेसेज यायचा, "कैदी सुखरूप आहे ना?" मी उत्तर दिलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींकडे गेलो. बुटांच्या कपाटावर डावा हातमोजा होता. त्या उजवा मागतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, यांनी सांगून ठेवलंय, तो मागायचा नाही. तुमच्याकडे नीट आहे म्हणाले."

निवाडा मला आजही मान्य नाही. सदानंद माझाच होता. पण इथल्या हवेत चामड्याला फार लवकर बुरशी धरते. म्हणून रविवारी सकाळी मी हातमोजा कोरड्या फडक्याने पुसतो, बोटाच्या टोकाने तेल लावतो आणि किचनच्या खिडकीत, ऊन येईल तिथे ठेवतो. त्या निवाड्यापासून, गेली दोन वर्षं ठेवतो आहे...